‘फिट’चा दाखला मिळाला, पण काम जमेना: कामावर डोक्याला मार लागल्यानंतरच्या नोकरीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. चिंचवडच्या एक ताई विचारतात: “मिस्टर अपघाताच्या वेळी ४० वर्षांचे, चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या) मशिनवर सेटर. चौदा महिन्यांपूर्वी, २०२५ च्या सुरुवातीला, माल उतरवताना दहा-बारा फुटांवरच्या माळ्यावरून पडले. कपाळामागे रक्तस्राव झाला. नऊ दिवस दवाखान्यात होते, ऑपरेशन लागलं नाही. साडेतीन महिन्यांनी ‘फिट’चा दाखला घेऊन कामावर गेले. तेव्हापासून जॉब, म्हणजे मशिनवर केलेले भाग, रिजेक्ट होतात, सांगितलेलं विसरतात, सुपरवायझरशी खटके उडतात. मग कंपनीनं लाइट ड्युटी म्हणून स्टोअरला बसवलं, तिथं अजूनच बिघडलं. नवीन सीटी स्कॅन नॉर्मल आहे. परवा गॅसवर दूध करपून घरभर वास सुटला, हे शेजारीच बसलेले, पण उठले नाहीत. सासूबाई म्हणतात, आळशी झालाय. दीर म्हणतात, नाटक करतोय. एचआर म्हणतात, राजीनामा द्या, दोन लाख घ्या आणि मोकळे व्हा. पडले तेव्हा हेल्मेट नव्हतं, तेव्हा जास्त काही मिळायचं नाही, असंही तेच म्हणतात. पगार २४,००० आहे. सही करावी का? ते पूर्वीसारखे होतील का?”

ताई, आधी सहीचं सांगते. सही करू नका. दोन लाख कमी आहेत, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मिस्टरांना आता नेमकं कोणतं काम जमतं आणि कोणतं नाही, हे आजवर कुणी मोजलेलंच नाही. त्यांची जखम मोजली गेली, पण काम मोजायचं राहून गेलं. पुढची नोकरी आणि भरपाई, दोन्ही गोष्टी त्याच मोजणीवर ठरणार आहेत.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आम्हाला पुष्कळ लोक फिजिओथेरपिस्टच समजतात. आता त्याचंही काही वाटेनासं झालंय. माणसाचा हात वर जाऊ लागला की फिजिओचं काम बरंचसं झालेलं असतं. त्या हातानं तो आपली रोजीरोटी पुन्हा कमवू शकतो का, हे बघायचं काम आमचं. १९५० साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली, आणि तरी आजही निम्म्या दवाखान्यांत डिस्चार्ज कार्डावर आमच्यासाठी रकाना नसतो. माझ्याकडे येणारे बरेच रुग्ण पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातले. कुणी शेडचा पत्रा तुटून खाली आलेला, कुणाला क्रेनचा हूक लागलेला, कुणी परांचीवरून पडलेला. तुमच्यासारखी चिठ्ठी मला वर्षातून कितीतरी वेळा येते आणि बहुतेक वेळा ती अपघातानंतर वर्ष-सव्वा वर्षानं येते. का, ते पुढे सांगते.

आधी सीटी स्कॅनबद्दल. सीटीत हाड दिसतं आणि साचलेलं रक्त दिसतं. रक्त शोषलं गेलं की फिल्म स्वच्छ येते. पण ओढ्याचं पाणी ओसरलं म्हणून वावरातली माती वाहून गेली नाही, असं होत नाही. डोकं आपटतं तेव्हा आतले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. मेंदूच्या एका भागातला निरोप दुसऱ्या भागात पोचवणारे ते हेच. साध्या सीटीत ते दिसत नाहीत. एमआरआयमध्ये, विशेषतः एसडब्ल्यूआय नावाच्या चित्रणात, त्यांच्या आसपासचे सूक्ष्म रक्तस्राव कधीकधी सापडतात. कधीकधी तेही सापडत नाहीत आणि माणूस मात्र बदललेला असतो.

तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘जीसीएस’ असं लिहून पुढे एक आकडा असेल. माणूस किती शुद्धीवर आहे हे मोजणारी, ग्लासगोमध्ये १९७४ साली तयार झालेली ही मोजपट्टी. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ पर्यंत बेरीज करायची. १३ किंवा जास्त म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. पहिल्या दिवशी जीव वाचवायला ती फार उपयोगी पडते. चौदा महिन्यांनी नोकरीचं काय होणार, हे ती फारसं सांगू शकत नाही. त्यासाठी मी दुसराच प्रश्न विचारते: पडल्यानंतरची सलग आठवण कुठून सुरू होते? तुम्हीच आज संध्याकाळी सहज विचारून बघा. “दवाखान्यातून घरी येताना रिक्षात बसलो ते आठवतं, त्याआधीचं काही नाही,” असं म्हणाले, तर त्यांचा मेंदू नऊ दिवस नवीन काही नोंदवतच नव्हता. तेव्हा ते तुमच्याशी बोलत असतील, चहा पीत असतील, तरीही. हा काळ जितका लांब, तितकं कामावर परतणं अवघड. हा प्रश्न कार्डावर सहसा नसतो.

आता मार कुठं लागला, ते बघू. कपाळामागचा मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो ते खालून खडबडीत असतं आणि धक्का बसला की मेंदू त्याच्यावर घासला जातो. या भागाकडे हात हलवायचं काम फारसं नाही, म्हणून माणूस चालतो, बोलतो, जेवतो आणि बघणाऱ्याला ठणठणीत वाटतो. पुढची पायरी डोक्यात धरून ठेवणं, मध्ये कुणी बोललं तर परत मूळ जागी येणं, आपली चूक आपण पकडणं आणि राग आला तरी जीभ आवरणं, ही कामं या भागाची.

सेटरच्या कामात दुसरं असतं काय? ड्रॉइंग वाचायचं, टूल लावायचं, ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) भरायचा, पहिला जॉब काढून मायक्रोमीटरनं मोजायचा, किती मायक्रॉन जास्त आला ते बघून ऑफसेट पुन्हा बदलायचा. हे सगळं शेजारचा कॉम्प्रेसर धडधडत असताना आणि “अरे, त्या दुसऱ्या लॉटचं काय झालं?” असं कुणीतरी ओरडत असताना.

काही वर्षांपूर्वी असाच एक सेटर माझ्याकडे आला होता. माझ्या खोलीत शांतता, पंखा चालू, टेबलावर नट, बोल्ट, वॉशर आणि जोडणीचा एक नमुना. चाळीस मिनिटं त्यानं एकही चूक केली नाही. मग मी रेडिओ लावला आणि सहकाऱ्याला मुद्दाम आत पाठवलं: “मॅडम, कालचं बिल कुठं ठेवलंय?” प्रश्न मला होता, त्याला नाही. पण त्यानं मान वर केली, खाली घातली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक जोडणीत वॉशर घालायचाच राहिला. बोट थरथरलं नाही, वेगही कमी झाला नाही. एक पायरी डोक्यातून गळून पडली होती आणि ती गळाली हे त्याला कळलंच नव्हतं. मी दाखवलं तेव्हा तो माझ्यावरच चिडला: “तुम्ही काढून ठेवले असतील.” मिस्टरांचे सुपरवायझरशी खटके उडतात ते असेच उडत असणार.

थकवा ही दुसरी गोष्ट, आणि ‘आळशी’ हा शिक्का इथंच बसतो. पूर्वी जे काम हातानं आपोआप व्हायचं, ते आता प्रत्येक पायरीला लक्ष देऊन करावं लागतं. मोबाइलची जुनी बॅटरी जशी सकाळी शंभर टक्के दाखवते आणि अकराला बंद पडते, तसं होतं. दुपारी घरी येऊन जो माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो, तो काम टाळून झोपलेला नसतो. एक गोष्ट करा. कंपनीकडून रिजेक्शनच्या नोंदी मागा. त्यावर बहुधा वेळ लिहिलेली असते. पहिल्या पाळीत सकाळी सात ते साडेदहा जॉब बरोबर आणि अकरानंतर चुकांची रांग, असं चित्र निघालं तर तो कागद जपून ठेवा. आळशी माणूस सकाळपासूनच चुका करतो.

आता लाइट ड्युटी. इथं मला माझीच एक चूक सांगावी लागेल. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका तिशीतल्या फिटरच्या कागदावर ‘हलकं काम करण्यास योग्य’ असं लिहून दिलं आणि मोकळी झाले. कंपनीनं चांगल्या मनानं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. वजन उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, खुर्ची-टेबल. तीन आठवड्यांत त्यानं खिडकीशी आलेल्या एका हेल्परच्या अंगावर रजिस्टर फेकलं आणि त्याची नोकरी गेली. मी स्टोअर बघायला गेले ती त्यानंतर. खिडकीवर चार माणसं एकदम चार वस्तू मागतायत, फोन वाजतोय, चलन आणि रजिस्टर जुळवायचंय, संगणकावर नोंद करायचीय, आणि मध्येच ड्रायव्हर सही मागतोय. कंबर मोडलेल्या माणसासाठी ते खरोखर हलकं काम होतं. कपाळामागे मार लागलेल्या माणसासाठी त्या कारखान्यातली ती सगळ्यात जड जागा होती. त्या फिटरला एका कोपऱ्यातल्या प्रेसवर, एकच भाग, एकच क्रम असं काम दिलं असतं तर कदाचित तो टिकला असता. शरीराला जड आणि डोक्याला हलकं. तेव्हापासून मी ‘लाइट ड्युटी’ हे शब्द कागदावर लिहीत नाही. तुमच्या मिस्टरांचं स्टोअरला गेल्यावर बिघडलं हे वाचून मला तोच आठवला.

हे काही आजचं नाही. मेंदूच्या दुखापतीची जगात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट कामावरच्या अपघाताचीच आहे. १८४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना फिनिआस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून सुमारे सहा किलोची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण ठेकेदारांनी त्याला मुकादमाच्या जागेवर परत घेतलं नाही, कारण स्वभाव पार बदलला होता. गोष्ट सांगणारे सहसा इथंच थांबतात. मला त्याचा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पुढे हाच गेज चिलीमध्ये जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. तेच घोडे, तोच रस्ता, त्याच वेळा. माणसं सांभाळायचं काम त्याच्या हातून गेलं, पण ठरलेल्या क्रमाचं काम टिकलं. शेवटी १८६० मध्ये अपस्माराचे झटके येऊन तो गेला. म्हणजे दुखापतीनंतर साडेअकरा वर्षांनी. झटक्यांचं मी मुद्दाम सांगतेय, त्याकडे परत येते.

आता चिठ्ठ्या वर्ष-सव्वा वर्षानं का येतात ते. मेंदूला मार लागलेल्यांपैकी एक-दोन वर्षांत साधारण ४० टक्के लोक कामावर परततात, असं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे. पण परतणं आणि टिकणं यात अंतर आहे. पहिले दोन-तीन महिने सगळे सांभाळून घेतात. चूक झाली तर शेजारचा निस्तरतो. मग बोनसचा महिना येतो, टार्गेट येतं, सुपरवायझर बदलतो. नव्या सुपरवायझरला अपघात माहीत नसतो, त्याला फक्त रिजेक्शन दिसतं. मेमो निघतो. मेमोवर हा चिडतो, म्हणून दुसरा मेमो गैरवर्तनाचा. मग दोन दिवस दांडी. फाइलमध्ये एवढंच उरतं: कामात हलगर्जी, उद्धटपणा, गैरहजेरी, स्वेच्छेनं राजीनामा. डोक्याच्या दुखापतीचा त्या फाइलीत उल्लेखही नसतो. नोकरी अपघातात गेलेली नसते, ती या कागदांत जाते. म्हणून आजवर जेवढे मेमो आले असतील त्यांच्या प्रती काढा आणि प्रत्येकाला लेखी उत्तर जाऊ द्या की अमुक तारखेच्या कामावरच्या अपघातानंतर ही लक्षणं आहेत, उपचार चालू आहेत. उशिरा दिलं तरी चालेल. पोचपावती मात्र घ्या.

डॉक्टरांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. झटका येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम नावाची गोळी चालू आहे का? असेल, तर काही रुग्णांत तिनंच चिडचिड वाढते. न्यूरॉलॉजिस्टना हे सांगा, ते गोळी बदलू शकतात. स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. झोप कशी आहे, घोरतात का, उदास असतात का, हेही सांगा. “आपलं पूर्वीसारखं राहिलं नाही” हे ज्याला कळायला लागतं, त्याला दुसऱ्या वर्षात नैराश्य येणं अगदी नेहमीचं आहे आणि त्यावर उपाय आहेत. झटका पहिल्या वर्षानंतरही येऊ शकतो. एकदा जरी आला असेल तर उंचीवरचं काम, उघडं फिरतं मशिन आणि वाहन चालवणं बंद. परवान्याच्या अर्जावर अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो, तिथं खोटं लिहू नका. दारू पूर्ण वर्ज्य. मार लागलेल्या मेंदूला पूर्वीपेक्षा लवकर चढते, आणि झटक्याची भीती वाढते.

तपासणीला जाताना तुम्ही सोबत जाच. ही मंडळी दहा मिनिटांच्या ओपीडीत उत्तम असतात. “काय त्रास आहे?” “काही नाही, डॉक्टर.” हे खोटं बोलणं नसतं. स्वतःतला बदल स्वतःला न दिसणं हा या दुखापतीचाच भाग आहे. घरी काय होतं ते चार ओळींत, तारखेसकट लिहून न्या. तोंडी सांगू नका. त्यांच्यासमोर सांगितलंत तर परत येताना गाडीत भांडण होईल.

तपासणी दोन प्रकारची हवी. एक, मानसशास्त्रीय चाचण्यांची: लक्ष, स्मरण, वेग, नियोजन. ती न्यूरोसायकॉलॉजिस्ट करतात, दोन ते तीन बैठका लागतात. दुसरी आमची, कामाची. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत व्यवसायोपचार विभाग असतो. मुंबईला हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. गुंतागुंत असेल तर बंगळुरूचं निमहान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. अहवालात काय मागायचं, ते नीट लक्षात ठेवा. “सौम्य स्मृतिदोष” एवढं लिहून मिळालं तर ते एचआरच्याही उपयोगाचं नाही आणि न्यायालयाच्याही. असं लिहून हवं: शांत जागी, एकाच मशिनवर, एकाच जॉबचं काम सलग दोन तास बिनचूक करू शकतात, त्यानंतर वीस मिनिटांची विश्रांती लागते, व्यत्यय असताना सेटिंग करू शकत नाहीत, रात्रपाळी नको, सूचना लेखी द्याव्यात. मग तो कागद घेऊन एचआरकडे बसा.

कंपनी ऐकणारी असेल तर मी साधारण असं सुचवते. स्टोअरमधून काढून ऑपरेटर म्हणून एका मशिनवर, सेटिंग दुसऱ्यानं करून दिलेलं. पहिले तीन आठवडे चार तास, मग पाच, मग सहा. पूर्ण पाळी तीन महिन्यांनंतर, जमली तर. मशिनवर पायऱ्यांचा छापील तक्ता, आणि प्रत्येक पायरीनंतर पेननं टिक. मिस्टर याला नकार देतील, “मी काय शिकाऊ आहे का?” म्हणून. माझ्याकडच्या एका रुग्णानं तो तक्ता गुणवत्ता विभागाचा म्हणून लावून घेतला, म्हणजे त्या ओळीतल्या सगळ्यांनाच टिक करावी लागली, आणि प्रश्न मिटला. सूचना एकाच माणसाकडून याव्यात, तिघांकडून नकोत. आणि चिडचिड चढायला लागली की पाच मिनिटं बाहेर जायची मुभा, कुणाला न विचारता. यात कंपनीचा खर्च फारसा नाही. दुसऱ्या कुठल्या कामाचं प्रशिक्षण घ्यायची वेळ आली, तर दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर (पूर्वीचं व्यवसाय पुनर्वसन केंद्र) मुंबईत सायनला आहे.

आता पैशांचं. मी वकील नाही, पण या कामात इतक्यांदा साक्षीला गेलेय की ढोबळ हिशेब पाठ झालाय. पक्कं करायला कामगार कायद्याचा वकील गाठा.

पगार २१,००० च्या वर, म्हणजे मिस्टर ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, नसणार. पगाराच्या स्लिपवर त्याची कपात नाही ना, ते एकदा बघून घ्या. नसेल तर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, पण अपघात त्याच्या आधीचा, म्हणून हिशेब जुन्या कायद्याचा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. पगार कितीही असला तरी धरायची कमाल मर्यादा १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३० रुपये. कमाईची क्षमता निम्मी गेली असं ठरलं तर ८,२८,७६५. तीसच टक्के गेली तरी ४,९७,२५९. एचआरचे दोन लाख या आकड्यांशेजारी ठेवून बघा.

पण टक्के ठरवायचे कसे, इथं गोम आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात बोट तुटलं, हात तुटला, डोळा गेला, याचे टक्के छापलेले आहेत. स्मरणशक्ती गेली, एकाग्रता गेली, याचे नाहीत. अशा वेळी डॉक्टरनं कमाईक्षमतेचं नुकसान ठरवून द्यायचं असतं, आणि ते त्या माणसाच्या कामाशी जोडून. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका सुताराच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. परिशिष्ट बघितलं तर नुकसान अर्धवट. पण एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयानं ते पूर्ण नुकसान धरलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा तुमच्या कागदांत “सेटर म्हणून काम करू शकत नाहीत” हे वाक्य सेटरच्या कामाच्या वर्णनासकट आलं पाहिजे. मघाशी मी अहवालाबद्दल एवढं का घोळवलं, ते आता लक्षात आलं असेल.

हेल्मेटबद्दल घाबरू नका. नुसतं हेल्मेट नव्हतं म्हणून भरपाई बुडत नाही. दिलेलं साधन मुद्दाम काढून टाकलं किंवा स्पष्ट दिलेला आदेश जाणूनबुजून मोडला, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. आणि कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तेवढ्यावरूनही सुटता येत नाही. “यापुढे काही मागणार नाही” अशी सही घेतली तरी कायद्यानं मिळणारा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल ठरतो. पण ते सिद्ध करण्यात वर्षं जातात, म्हणून सही नकोच. तडजोड करायचीच असेल तर तिचा मसुदा भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवला जातो, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही कंपनीनं द्यायचा असतो, बिलं शोधा. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. तुमचे चौदा महिने गेले, दहा उरले.

ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांचा मार्ग वेगळा. काम बंद असेपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के, आणि पुढे वैद्यकीय मंडळ जेवढे टक्के ठरवील तेवढी दरमहा रक्कम. मंडळापुढे जातानाही हाच कामाचा अहवाल हातात असावा.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्जही करून ठेवा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूची दुखापत या नावानं रकाना नाही. चालणं, बोलणं, मानसिक आजार, ज्या बाजूनं परिणाम दिसतो त्या रकान्यातून जावं लागतं. सरकारी नोकरीत असते तर सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता आलं नसतं, त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागली असती. खासगी कंपनीला ते कलम तसं लागू नाही. हा फरक मला आजही खटकतो. एमआयडीसीतल्या माळ्यावरून पडणारे बहुतेक सगळे खासगीच असतात. नोकरी सुटलीच तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट अपंगत्वामुळे नोकरी संपली असेल तेव्हा लागत नाही, आणि पूर्ण अपंगत्व ठरलं तर पीएफच्या पेन्शन योजनेतूनही पेन्शन आहे. साधा राजीनामा दिलात तर या दोन्ही ठिकाणी वाद उभा राहतो.

पूर्वीसारखे होतील का? पहिल्या सहा महिन्यांत मेंदू सगळ्यात जास्त सुधारतो, वर्षभरात बरंचसं होऊन जातं. नंतर गती मंदावते, पण थांबत नाही. चौदा महिन्यांनी जे उरलंय त्यातलं काही राहील. गजबजाटात सेटिंग करणं बहुधा परत येणार नाही, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय याहून पुढे जाणार नाही. ऑपरेटर म्हणून वर्षानुवर्षं टिकलेले माझ्या माहितीत आहेत. एक जण आता रोपवाटिकेत पिशव्या भरतो, आधीपेक्षा कमी कमावतो. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, की भांडणं बंद झाली.

दिरांना हे उत्तर वाचायला द्या. सासूबाईंना दुधाचं सांगा. कपाळाला मार लागला की नाकातून मेंदूत जाणाऱ्या वासाच्या बारीक नसा चाळणीसारख्या हाडातून जाताना तुटू शकतात, आणि मग माणसाला वास येत नाही. दूध करपलेलं त्यांना कळलं नाही, कारण बहुधा त्यांच्यापर्यंत तो वास पोचलाच नाही. आजच कॉफी, हिंग आणि उदबत्ती, तिन्ही डोळे झाकून हुंगायला द्या. एकही ओळखता आलं नाही तर तपासणीत ते नोंदवून घ्या. कपाळामागे मार बसल्याचा तो एक पुरावाच असतो, आणि कारखान्यात कूलंट (मशिन थंड ठेवणारं द्रव) जळायला लागलं तरी त्यांना कळणार नाही, हे सुपरवायझरला माहीत हवं. घरी स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्या. रात्री झोपताना सिलिंडर बंद करायचं काम त्यांच्याकडे असेल, तर ते तुमच्याकडे घ्या.